भंडारदऱ्याच्या पाऊलवाटा आणि पिशव्यांची राखण

मैत्रिणींनो, सहलीला गेल्यावर तुम्ही नेमकं काय पाहता? खरं सांगा हं! आधी मीच सांगते. १९९२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सारे भंडारदऱ्याला गेलो होतो. पुरुषमंडळी आणि मोठी मुलं रतनगडावर गेली. मी रतनवाडीला देवळाजवळच्या झाडाखाली बसून सहा पिशव्या, दोन थर्मास आणि झोपी गेलेलं तीन वर्षांचं पोर सांभाळलं. संध्याकाळी सगळे उतरले ते गडावरच्या ‘नेढ्या’च्या गोष्टी सांगतच. डोंगराच्या माथ्यालाच सुईच्या नेढ्यासारखं आरपार भोक आहे म्हणे! मी ऐकून घेतलं आणि रिकामे डबे पिशवीत भरले. पुढे तीस वर्षं कुणी भंडारदऱ्याचं नाव काढलं, की मला आठवायच्या त्या पिशव्याच.

गेल्या नोव्हेंबरात सूनबाई म्हणाली, “आई, या वेळी पिशव्या कमी आणि पाय जास्त!” माझं वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा. पण धाकट्या जाऊबाई तयार झाल्या. ‘हे’ म्हणाले, “जा की, मी करीन माझी खिचडी.” अशी संधी पुन्हा येते का? निघालो तिघी.

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा सत्तरेक किलोमीटर. मुंबईकरांनी रेल्वेनं इगतपुरी गाठावी आणि तिथून घोटीवरून यावं. पुण्याकडच्यांना संगमनेर, अकोले, राजूर ही वाट सोयीची. घोटीहून येताना बारी गाव लागतं. तिथे गाडी थांबवून मान वर करा. समोर कळसूबाई! १६४६ मीटर, आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. पुढे शेंडी हे धरणाचं गाव. हा सारा भाग अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतो.

धरण १९२६ साली पुरं झालं. दगडी बांधणीचं, २७० फूट उंच. तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. त्यानं अडवलेली नदी म्हणजे प्रवरा. ती रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे जाऊन गोदावरीला मिळते. माझं माहेर श्रीरामपूरकडचं. आमच्या उसाला पाटानं पाणी यायचं ते हेच. त्या पाटावर मी लहानपणी धुणी धुतली आहेत. पण पाणी कुठून येतं, हे काही तेव्हा विचारलं नव्हतं.

आता वाटांविषयी. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरून परत शेंडीला येतो. सगळा पायी करायची गरज नाही. गाडी करावी आणि जिथे मन रमेल तिथे उतरून चालावं. पहिली वाट अगदी सोपी, आजीबाईंनाही जमेल अशी. सकाळी सहाला उठून शेंडीहून पाण्याच्या कडेकडेनं अर्धा तास चालत जायचं आणि परत यायचं, बस्स! पाण्यावर धुकं असतं आणि उन्हं आली की ते पदर सावरल्यासारखं हळूच वर सरकतं.

दुसरी वाट घाटघरच्या कोकणकड्याची. इथे देशाची जमीन संपते आणि खाली एकदम कोकण दिसतं. वाऱ्याचा जोर विलक्षण असतो, म्हणून मुलांचा हात सोडू नका. साम्रदजवळची सांदण दरीही पाहण्याजोगी आहे. दोन उंच कड्यांमधली ती चिंचोळी घळ. तोंडाशी थोडं आत जाऊन परतावं. पावसाळ्यात मात्र तिच्या वाटेला जाऊ नये, पाणी एकदम भरतं.

तिसरी वाट रतनगडाची. माझी जुनी उधारी! रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर आधी निवांत पाहा. शिलाहारांच्या काळातलं मानतात. कोरीवकाम असं, की जाऊबाई म्हणाल्या, “एवढी नक्षी तर मी रुखवतातही पाहिली नाही!” जवळच देखणी पुष्करणी आहे. तिथून वाट प्रवरेच्या ओढ्याच्या संगतीनं जाते, ओढा पुन्हापुन्हा ओलांडते आणि दाट झाडीत शिरते. पुढे एक फाटा हरिश्चंद्रगडाकडे जातो. तिथे चुकामूक होते, म्हणून गावातला वाटाड्या बरोबर घ्यावाच. माथा गाठायला अडीच-तीन तास लागतात आणि शेवटी लोखंडी शिड्या आहेत.

शिडीपाशी पोचल्यावर माझ्या गुडघ्यानं साफ नकार दिला. एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि म्हटलं, “तुम्ही जा, मी बसते.” सूनबाई वाटाड्याबरोबर वर गेली. जाऊबाई माझ्याजवळ थांबल्या. म्हणजे पुन्हा आपण पिशव्यांजवळच की! मला हसूच आलं. पण या वेळी दोन तास चढून आले होते आणि कुठे थांबायचं ते माझं मी ठरवलं होतं. डबा उघडला. ती दशमी जितकी गोड लागली, तितकी कुठल्याच लग्नातली जिलबी लागली नाही.

खरी गोष्ट मात्र त्या रात्रीची. आम्ही रतनवाडीत एका घरी मुक्काम केला होता. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा असं जेवण झालं. सवयीप्रमाणे मी ताटं उचलायला उठले, तर सूनबाईनं हात धरून खाली बसवलं. “आज भांडी नाहीत, आई!” मीही ऐटीत बसले. मागल्या दारी घरची ताई आमची ताटं घासत होती. घासता घासता तिनं कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची पोर, रानात भटकायची आवड असलेली. एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरच्यांनी नेमकं तेच काम सांगितलं. तिनं केलं, पण लगेच डोंगर चढून गेली ती माथ्यावरच राहिली. तिनं भांडी घासली ती जागा म्हणजे थाळेमेळ. तीच आज कळसूबाई!

मी म्हटलं, “शाबास तिची!” ताई हसली. म्हणाली, “मावशी, आम्हाला डोंगर रोजच चढायचा आन् भांडी बी घासायची. आता बरंय. वैशाखात विहीर आटते, मग वाटी वाटीनं हंडा भरायचा.”

“अगं, एवढं धरण दारात असताना?”

“ते खाली जातं, मावशी. तुमच्याकडं.”

मैत्रिणींनो, काय बोलणार? त्याच पाण्यावर वाढलेली मी! मुकाट्यानं उठले आणि उरलेली ताटं घासायला तिच्या शेजारी बसले. आधी राखेनं कोरडी पुसायची, मग दोन तांब्यांत सगळी विसळायची, हे तिच्याकडून शिकले. घरी आता मी तसंच करते.

तेव्हा जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा:

चपला नकोत. खाचा असलेल्या तळव्याचे बूट घाला आणि आठ दिवस आधी घरात वापरून सैल करा. हातात काठी असू द्या. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो, म्हणून उतरताना लहान लहान पावलं टाका.

दशम्यांची कणीक दुधात भिजवा, दोन दिवस मऊ राहतात. बरोबर कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर आणि माणशी निदान दोन लिटर पाणी न्या.

वाटेवर स्वच्छतागृह नाही. निघण्यापूर्वी मुक्कामीच उरकून घ्या. कागद, पॅड वगैरे घट्ट बांधून परत आणायला एक वेगळी पिशवी ठेवा. ही एक पिशवी मात्र जरूर सांभाळा!

मेअखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला इथे झाडं काजव्यांनी लखलखतात. ती चमक म्हणजे त्यांची जोडीदाराला घातलेली साद. बॅटरी आणि गाडीचे दिवे बंद ठेवून दुरूनच पाहा.

जेवण गावातल्याच घरी घ्या, पैशांची घासाघीस करू नका आणि आपलं ताट आपण घासा.

कळसूनं दोनच कामं नाकारली होती, भांडी आणि केर. तिच्या डोंगराशी जाऊन आपण दुसऱ्या बाईच्या माथी तीच दोन कामं टाकून येऊ नये, नाही का?

आणि हो, नेढं अजून पाहायचंच आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत रोज सकाळी जिने चढणार आहे मी. येता बरोबर?