मुंबई ते लंडन, मार्गे शांतीनगर

मीरा रोड स्टेशनाच्या पूर्वेस बाहेर पडले की शांतीनगर लागते. एकीसारखी दुसरी इमारत, एका सेक्टरासारखे दुसरे सेक्टर; नवखा पाहुणा येथे हमखास वाट चुकतो. येथल्या माणसाला अंतर विचारावे तर तो किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. चर्चगेट त्याच्या लेखी चाळीस किलोमीटरांवर नसते, लोकलच्या तासाभरावर असते!

हाच हिशेब गेल्या पावसाळ्यात आम्हांला थेट लंडनला लावावा लागला. तिसऱ्या मजल्यावरचे तात्या दुपारी तीनच्या सुमारास गेले. एकुलता एक मुलगा लंडनला. काकूंनी मला एवढेच विचारले, "सर, लंडन किती लांब हो?"

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. पूर्वी बॅलार्ड पिअरवर निरोप घेतला की बोटीला दोन-तीन आठवडे लागत. १९४८ च्या ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. आज थेट विमानाला नऊ-दहा तास पुरतात. तिकडून इकडे येताना तर वेळ थोडा कमीच लागतो; कारण उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरकस वारा विमानाच्या पाठीशी असतो.

पण विमानाचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. मुलाला तिकीट मिळाले ते तिथल्या रात्री नऊचे. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. उतरणार दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या पुढे. मग पासपोर्टाची रांग, आणि वीस-पंचवीस किलोमीटरांचा रस्ता.

इमारतीतली जाणती मंडळी म्हणाली, इतका वेळ ठेवू नये; पुतण्या आहे, त्याच्या हातून उरकावे. त्यांचेही चूक नव्हते. काकू शांतपणे म्हणाल्या, "तो कॉलेजात असताना शेवटच्या लोकलपर्यंत हे स्टेशनावर उभे राहायचे. आणखी एक रात्र थांबतील."

यावर कोणी बोलले नाही. तात्यांना रात्रीपुरते शवागारात नेले.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर उतरले. पाऊस मात्र कोसळत होता. दर अर्ध्या तासाने फोन येई : गोरेगाव, कांदिवली, दहिसर नाका. अख्खा अरबस्तान विमानाने झोपेत ओलांडला असेल. दहिसरच्या कोंडीने मात्र पाऊण तास घेतला. खाली छत्र्या धरून उभ्या असलेल्यांत, आदल्या दिवशी 'थांबू नये' म्हणणारेही होते.

दोन वाजता टॅक्सी आली. सात हजार किलोमीटर एका रात्रीत कापून आलेला तो मुलगा तीन जिने मात्र फार सावकाश चढला.