रोममधील एक दिवस

रोम शहर पाहण्यास एक दिवस पुरेल काय, असें कोणी विचारलें तर नाहीं म्हणूनच सांगावें लागेल. परंतु युरोपच्या प्रवासास निघणाऱ्या आपल्याकडील पुष्कळ मंडळींच्या वांट्यास या नगरीचा एखादाच दिवस येतो, आणि स्थळांची यादी हातांत घेऊन धांवत सुटलें म्हणजे सायंकाळीं पाय तेवढे दुखूं लागतात व मनांत खांबांची आणि कमानींची नुसती खिचडी उरते. म्हणून पाहतांना एखादें सूत्र हातीं असलेलें बरें. प्रत्येक जुन्या इमारतीपुढें उभें राहून इतकेंच विचारावें कीं, ही आजवर राहिली कशी? ऊन, पाऊस, भूकंप, परचक्र आणि सर्वांत वाईट म्हणजे घरचेच लोक, यांच्या तडाख्यांतून हिला कोणीं वांचविलें?

आरंभ कोलोसियमपासून करावा, व तोहि सकाळीं लवकर. कारण उन्हाळ्यांत ऊन चढलें कीं दगड तापतो आणि गर्दीहि अनिवार होते. व्हेस्पेशियन बादशहानें इ. स. ७२ च्या सुमारास नीरोच्या विलासी राजवाड्यांतील कृत्रिम तलावाच्या जागीं हें प्रचंड क्रीडागृह बांधण्यास घेतलें, आणि त्याचा पुत्र टायटस यानें इ. स. ८० मध्यें तें लोकांस खुलें केलें. उद्घाटनाचे खेळ शंभर दिवस चालले होते. खेळ म्हणजे काय, हें वाचकांस ठाऊकच आहे: माणसांनीं माणसांस व श्वापदांस मारावयाचें, श्वापदांनीं माणसांस फाडावयाचें, आणि निदान पन्नास हजार प्रेक्षकांनीं तें बसून पाहावयाचें. इमारत लंबवर्तुळाकार असून तिची लांबी सुमारें ६२० फूट व उंची सुमारें १६० फूट आहे. तळमजल्याच्या ८० कमानींपैकीं प्रेक्षकांच्या प्रवेशाच्या कमानींवर क्रमांक कोरलेले होते. त्यांपैकीं २३ पासून ५४ पर्यंतचे रोमन आंकडे उत्तरेच्या बाजूस अद्याप वाचतां येतात. प्रत्येकानें आपला क्रमांक पाहून आपल्या दारानें शिरावें, म्हणजे चेंगराचेंगरी नाहीं. व्यवस्था इतकी चोख, आणि ती अशा कामासाठीं! हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं, व तो येऊं द्यावा.

या भिंतींवर सर्वत्र देवीच्या व्रणांसारखीं भोंकें दिसतात. मोठमोठे चिरे चुन्यावांचून रचून ते लोखंडी आंकड्यांनीं एकमेकांस जखडलेले होते. पुढें साम्राज्य लयास गेलें, लोखंड दुर्मिळ झालें, आणि लोकांनीं दगड फोडफोडून ते आंकडे काढून नेले. १३४९ सालच्या भूकंपांत दक्षिणेकडील बाहेरची भिंत कोसळली, ती तर आयती खाणच झाली. तेथील दगड सरदारांच्या वाड्यांस लागला, पुलांस लागला, सेंट पीटरच्या मंदिरासहि लागला. अखेर अठराव्या शतकाच्या मध्यास पोप चौदावा बेनेडिक्ट यानें, येथें ख्रिस्ती हुतात्म्यांचें रक्त सांडलें आहे, सबब ही जागा पवित्र होय, असें ठरविलें, तेव्हां कोठें ही लूट थांबली. याच रिंगणांत ते हुतात्मे मारले गेले याविषयीं भक्कम पुरावा नाहीं, असें आजचे इतिहासकार म्हणतात. तरीहि नरमेधाच्या त्या जागेस आधार मिळाला तो श्रद्धेचाच. बाहेरून जातांना पूर्वेकडील विटांचा मोठा धिरा अवश्य पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं तो बांधला, त्या वेळीं कमानींतील दगड निखळून खालीं घसरत होते. ते पुन्हां बसवीत न बसतां जसे होते तसेच विटांत चिणून टाकले. दोनशें वर्षें ते दगड पडतां पडतां थांबलेले आहेत.

कोलोसियमच्या शेजारींच फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा चव्हाटा. टायटसच्या कमानीवर जेरुसलेमच्या मंदिरांतून लुटून आणलेला सातफांटी दीपवृक्ष कोरलेला आहे, तो पाहून उतारानें खालीं यावें. उजव्या हातास मॅक्सेन्शियसच्या भव्य सभागृहाच्या तीन कमानी लागतात. त्यांच्या खालच्या जमिनींत मिरीं व मसाले सांठविण्याचीं जुनीं कोठारें सांपडलीं आहेत. मिरीं अर्थात् आपल्या मलबारचीं. त्या व्यापाराचें दुसरें टोंक पाहावयाचें असेल तर कोल्हापूरच्या संग्रहालयांत ब्रह्मपुरी टेकडीवर सांपडलेली रोमन समुद्रदेवाची लहानशी कांस्य मूर्ति आहे, ती पाहावी.

फोरममध्यें खांबांचे तुकडे इतके पडलेले आहेत कीं, त्या सर्वांचा पत्ता लावीत बसल्यास दिवस तेथेंच संपेल. एकच देऊळ नीट पाहावें: अँटोनायनस बादशहानें आपली मृत राणी फॉस्टिना हिच्यासाठीं बांधलेलें. समोर दहा अखंड खांब, आणि मागें चक्क ख्रिस्ती चर्च. खांबांच्या माथ्याजवळ तिरप्या खांचा दिसतात, त्या खांब ओढून पाडण्यासाठीं दोर बांधले होते त्यांच्या होत, असें सांगतात. पण खांब पडले नाहींत. आणखी एक मौज अशी कीं, या चर्चचें दार जमिनीपासून कित्येक फूट वर, अधांतरीं लटकलेलें आहे. मध्ययुगांत फोरम मातीखालीं गाडला जाऊन त्यावर गुरें चरत असत, आणि त्या स्थानास गुरांचें कुरण असेंच नांव पडलें होतें. दार बसविलें तेव्हां जमीन त्या उंचीवर होती; पुढें उत्खनन करणारांनीं माती काढली, आणि दार तेवढें वर राहिलें.

थोडें पुढें रोमच्या सेनेटचें सभागृह आहे. तेंहि ६३० साली चर्च झालें म्हणून टिकलें. परंतु १९३० नंतरच्या दशकांत इटालियन सरकारनें तेराशें वर्षांच्या त्या चर्चचा साज उतरवून आंतील प्राचीन सभागृह मोकळें केलें. विद्वानांस त्यांत आनंद वाटला असेल. आम्हांस मात्र त्या उघड्या विटांपुढें थोडें उदास वाटलें. ज्या कवचानें वस्तु जगविली, तें कवचहि इतिहासच नव्हे काय?

येथून पँथिऑनपर्यंत पायीं वीस-पंचवीस मिनिटांची वाट आहे. रस्त्यांत ठिकठिकाणीं लोखंडी नळ अहोरात्र वाहत असतात. त्यांचें पाणी थंड व उत्तम असतें, तेव्हां बाटल्या विकत घेण्याचें कारण नाहीं. शाकाहारी मंडळींनीं भोजनास मारिनारा नांवाचा पिझ्झा मागावा. त्यांत टोमॅटो, लसूण व ऑलिव्हचें तेल एवढेंच असतें. तेथील कित्येक चीजांत वासराच्या किंवा कोंकराच्या पोटांतील विरजण घातलेलें असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

पँथिऑनला मात्र घाई करूं नये. दर्शनी पट्टीवर अग्रिप्पाचें नांव आहे, आणि त्यामुळें ही इमारत ख्रिस्तपूर्व काळांतील असें शतकानुशतकें लोक समजत आले. परंतु विटांवरील शिक्क्यांवरून ती हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दीची, म्हणजे इ. स. १२५ च्या सुमारास पुरी झालेली, असें ठरलें. देवडींतील १६ अखंड खांब इजिप्तमधून आणलेले आहेत. आंत शिरतांच मान आपोआप वर जाते. घुमटाचा व्यास १४२ फूट, आणि जमिनीपासून त्याच्या माथ्याची उंचीहि तितकीच. एखादा प्रचंड चेंडू आंत नेमका बसावा असें हें माप आहे. लोखंडाच्या सळईवांचून केलेला याहून मोठा कॉंक्रीटचा घुमट जगांत दुसरा नाहीं. युक्ति अशी कीं, खालच्या थरांत जड दगडाची खडी व वरवर जावें तसतशी हलकी, आणि अगदीं माथ्याजवळ पाण्यावर तरंगणारा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरला. मध्यें २५ ते ३० फूट रुंदीचें गोल छिद्र आहे, त्याला झांकण नाहीं. पाऊस आंत पडतो आणि फरशींतील लहान छिद्रांवाटें निघून जातो. उन्हाचा कवडसा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें भिंतींवरून सरकत असतो. अर्धा तास बसलें तर तो हललेला स्पष्ट दिसतो.

हें सर्व शाबूत राहिलें याचें कारण ६०९ सालीं पोप चौथा बोनिफेस यानें या मंदिराचें चर्च केलें. जुन्या देवतांच्या मूर्ति गेल्या, नव्या आल्या. पण झाडलोट व उपासना अखंड चालू राहिली. चित्रकार राफेल येथेंच पुरलेला आहे, व इटलीचे दोन राजेहि. आजहि तेथें प्रार्थना होते. २०२३ पासून प्रवाशांस तिकीट पडतें, प्रार्थनेस येणारास पडत नाहीं, हा नियम आम्हांस फार आवडला.

पण धनी असला म्हणजे सर्व सुरक्षित राहतें असेंहि नाहीं. सातव्या शतकांत पूर्वेकडील रोमन बादशहानें छपराचे सोनेरी मुलाम्याचे पत्रे उचकटून नेले, आणि सतराव्या शतकांत पोप आठवा अर्बन यानें देवडींतील कांस्याच्या तुळया काढून वितळविल्या. या पोपचें घराणें बार्बेरिनी. त्या नांवावर व ‘बर्बर’ या शब्दावर कोटी करून रोमच्या लोकांनीं त्याची यथेच्छ टवाळी केली.

तें कांस्य कोठें गेलें हें पाहण्यासाठीं सायंकाळीं टायबर नदीवर जावें. पलीकडे गोल बुरुजासारखा दिसणारा सेंट अँजेलोचा किल्ला आहे, तो मुळांत हेड्रियनची समाधि. पँथिऑन बांधणारा तोच हा बादशहा. आपल्या अस्थि सुखानें राहाव्या म्हणून त्यानें ही इमारत आरंभिली, व त्याच्या मृत्यूनंतर १३९ सालीं ती पुरी झाली. पुढें तिचा किल्ला झाला. ५३७ सालीं गॉथ लोकांनीं वेढा दिला तेव्हां आंतील शिपायांनीं समाधीवरील संगमरवरी पुतळे फोडून शत्रूच्या डोक्यावर फेंकले. १५२७ सालीं रोम लुटलें गेलें तेव्हां पोप सातवा क्लेमेंट भिंतीवरील गुप्त वाटेनें पळून येथेंच राहिला. त्यानंतर येथें तुरुंग होता, व आतां संग्रहालय आहे. हेड्रियनची रक्षा केव्हांच नाहींशी झाली. आणि अर्बननें पँथिऑनच्या तुळयांचें कांस्य वितळविलें तें मुख्यतः याच किल्ल्यासाठीं तोफा ओतण्यास: हेड्रियनच्याच मंदिराची धातु, हेड्रियनच्याच थडग्यावर, तोंड शहराकडे करून.

समाधीच्या पोटांतील वळणदार चढाची वाट अजून पायांखालीं घेतां येते. अंधारांतून हळूहळू वर आलें कीं गच्चीवर ऊन लागतें. पश्चिमेस सेंट पीटरचा घुमट उंच दिसतो. नदीपलीकडे, असंख्य छपरांच्या गर्दींत, थोडा शोध घेतल्यावर पँथिऑनचा बसका करडा घुमटहि सांपडतो.