‘आजी, साखर म्हणजे…’

समजावून सांगणं हे मायेचं काम आहे, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते तसं असतंही. म्हणूनच आपल्याला पुरती ठाऊक असलेली गोष्ट कोणी हळू, मोठ्या आवाजात, मान डोलावत अगदी मुळापासून समजावू लागलं की तक्रार करायला तोंड उघडत नाही. कोणी वाईट बोललेलं नसतं, अपशब्द काढलेला नसतो. रागवावं तर आपणच उद्धट ठरतो. आत कुठेतरी दुखावतं मात्र नक्की. नेमकं काय दुखावतं, याचा विचार मी आत्याच्या आजारपणात दवाखान्यात बसून केला, आणि तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही.

आत्या सिव्हिल हॉस्पिटलात सिस्टर होती. नोकरीचा मोठा काळ तिनं मेडिसिन वॉर्डात काढला, त्यामुळे मधुमेहाच्या पेशंटना इन्सुलिन टोचणं, त्यांच्या नातेवाइकांना ते शिकवणं हे तिचं रोजचं काम होतं. पुढे तिला स्वतःलाच मधुमेह झाला. पायाच्या जखमेसाठी तिला एका खासगी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा साखर आटोक्यात येईना म्हणून डॉक्टरांनी बाटलीतलं इन्सुलिन बंद करून पेन सुरू केलं. ते समजावायला एक तरुण रेसिडेंट डॉक्टर आला. पोरगा गोड होता, थकलेला होता, तरी खुर्ची ओढून बसला.

“आजी, साखर म्हणजे आपण चहात घालतो ना, तशीच आपल्या रक्तात पण असते बरं का,” असं म्हणून त्यानं सुरुवात केली. मग स्वादुपिंड कुठे असतं ते पोटावर हात ठेवून दाखवलं. इन्सुलिन म्हणजे काय, इंजेक्शनला घाबरायचं कसं नाही, जेवण कसं वेळेवर घ्यायचं, सगळं सांगितलं. अर्धं तो तिच्याशी बोलत होता आणि अर्धं माझ्याशी, तिच्या डोक्यावरून. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पेन अडकलं, किंवा पेनाची सुई मिळाली नाही, तर त्यातलं औषध माझ्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये काढून घेतलं तर चालेल का?”

“आजी, तुम्ही त्या भानगडीत पडूच नका. आम्ही आहोत ना.”

हा प्रश्न साधा नव्हता. आपल्याकडे इन्सुलिनच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, आणि लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या खुणा त्याच हिशोबानं छापलेल्या असतात. पेनाच्या कार्ट्रिजमध्ये त्याच एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. म्हणजे सवयीनं लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ते औषध ओढलं, तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. अडीच पट. एकटी राहणारी बाई रात्री हे करून झोपली तर साखर इतकी उतरू शकते की सकाळी ती शुद्धीवर नसेल. बाटलीवरून पेनावर येणाऱ्या माणसाला आणखी काही नाही सांगितलं तरी एवढं सांगायलाच हवं. चहातली साखर सांगून झाली होती. हे राहून गेलं होतं.

मला राहवलं नाही. “ती मेडिसिन वॉर्डात सिस्टर होती,” मी म्हणाले. त्याचा चेहरा क्षणात बदलला. “अरे मॅडम, आधी सांगायचं ना!” आजीची मॅडम झाली, आवाज खाली आला, तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलू लागला. दोन वाक्यांत त्यानं नेमकं उत्तर दिलं. त्याला ते येत होतं. त्याच्या ज्ञानात काहीच कमी नव्हतं.

त्या बदललेल्या आवाजानं मला बरं वाटायला हवं होतं. उलट फार वाईट वाटलं. नीट बोललं जाण्यासाठी आत्याला ओळखपत्र दाखवावं लागलं होतं. आणि तिच्याकडे दाखवायला ते होतं तरी. पलीकडच्या खाटेवर एक शेतमजुरी करणाऱ्या ताई होत्या. कित्येक वर्षं त्या स्वतःच्या हातानं इन्सुलिन घेत होत्या. त्यांनाही तेच साखरपुराण ऐकवलं गेलं, आणि वर इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही, हे तीनदा बजावलं गेलं. त्या ‘हो सायेब, हो सायेब’ म्हणत राहिल्या. डॉक्टर गेल्यावर आत्याला म्हणाल्या, “आमच्या घरात फ्रीज कुठला? मी ओल्या वाळूवर माठ ठेवते, त्यात डबा, डब्यात बाटली. वाळू रोज भिजवायची.” आत्यानं त्यांना वाळू किती घेता, माठावर काय झाकता, उन्हाळ्यात पाणी कितीदा घालता, हे बारकाईनं विचारलं. फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिन थंड ठेवायची ती खरंच चांगली रीत आहे, मातीतून पाणी उडून जातं तसा आतला गारवा टिकतो. त्या ताईंना माठाबद्दल दोन गोष्टी सांगता आल्या असत्या, त्यांच्याकडून दोन शिकताही आल्या असत्या. त्यांना मिळालं ते त्यांच्या घरात नसलेल्या वस्तूवरचं व्याख्यान.

मला तेव्हा कळलं की अशा समजावण्यात दुखतं ते माहितीमुळे नाही. समजावणाऱ्यानं आपल्याकडे न बघताच आपण कोण हे ठरवून टाकलेलं असतं. पांढरे केस म्हणजे अमुक, नऊवारी म्हणजे तमुक, खेड्यातलं बोलणं म्हणजे आणखी काही. मग तो आपल्याशी बोलतच नाही, त्यानं मनात उभ्या केलेल्या कोणाशी तरी बोलतो. आणि याची किंमत नुसती मानापमानाची नसते. सोप्या गोष्टीत वेळ संपतो, अवघड गोष्ट तशीच राहते. मला याचा राग येतो, आणि तो राग रास्त आहे असं मी मानते.

डॉक्टर आणि पेशंट यांच्या बोलण्यावर अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेला बेकमन आणि फ्रँकेल यांचा एक अभ्यास आहे. त्यांनी ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. पेशंट आपलं गाऱ्हाणं सांगायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत होते, आणि सुरुवातीचं म्हणणं पुरं करू शकलेले पेशंट चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. ज्याचं ऐकलंच नाही त्याला काय येतं, हे कळणार कुठून? मग सगळ्यांना एकच धडा.

म्हाताऱ्या माणसांशी लहान मुलासारखं बोलण्याचाही वेगळा अभ्यास झाला आहे. त्या बोलण्याला संशोधक एल्डरस्पीक म्हणतात: चढा स्वर, तोडून तोडून उच्चार, लाडीक संबोधनं, ‘आता आपण जेवायचं हं’ असला ‘आपण’. क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्ससमधल्या शुश्रूषागृहांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या चित्रफिती तपासल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की कर्मचारी या सुरात बोलत तेव्हा ती माणसं हात झटकणं, तोंड फिरवणं, ओरडणं असा विरोध जास्त करत, आणि साध्या प्रौढ बोलण्याला कमी. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे सरकू शकले नाही. ज्यांना पोटच्या मुलांची नावं आठवत नाहीत, त्यांनाही आपल्याला खाली बसवलं जातंय हे कळतं.

एक गोष्ट इथे मान्य करायला हवी. पुन्हा पुन्हा सांगणं हा गुन्हा नाही. आजारपणात घाबरलेला माणूस डॉक्टरांनी सांगितलेलं बरंचसं दाराबाहेर पडेपर्यंत विसरतो. काहीच न सांगता चिठ्ठी हातात ठेवणारे डॉक्टर मी जास्त पाहिले आहेत, आणि त्यांच्यापेक्षा खुर्ची ओढून बसलेला तो पोरगा मला हजारदा परवडतो. पण मला हे दोघे एकमेकांपासून फार लांबचे वाटत नाहीत. एकानं समोरच्याला सांगण्यालायक मानलं नाही, दुसऱ्यानं विचारण्यालायक.

विचारून काय होतं, याचं आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण मला नेहमी आठवतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’चं काम उभं केलं. बाळांचे मृत्यू थांबवायचे तर न्यूमोनिया गावातच ओळखायला हवा होता, आणि त्यासाठी बाळ मिनिटाला किती श्वास घेतं हे मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. गावच्या दायांना मोजता यायचं ते जेमतेम बारापर्यंत. आता कोणी त्यांना शंभरपर्यंत अंक शिकवायला बसलं असतं, पाटी-पेन्सिल दिली असती, आणि त्या शिकल्या नाहीत म्हणून कपाळाला हात लावला असता. ‘सर्च’नं एक साधं उपकरण केलं: मिनिटाची वाळूची घडी आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत येतं, एवढं नीट बघितलं की तिचं दहा पुरेसं ठरतं. पुढे ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्यांना काही कळत नाही असं समजून इतरांनी नुसती भाषणं दिली असती, त्यांच्यापैकीच या बायका होत्या.

तरीही रोजच्या जगण्यात असा समजावणारा भेटला की काय करायचं, हा प्रश्न उरतोच. बँकेत, लग्नघरात, सोसायटीच्या बैठकीत ही माणसं असतात आणि तिथे फार बिघडत नाही, ऐकून सोडून देता येतं. जिथे काही पणाला लागलेलं असतं तिथे सोडून देऊ नये. मी आता मध्येच, आवाज न चढवता, म्हणते: “एवढं मला माहीत आहे. माझा प्रश्न याच्या पुढचा आहे.” आणि प्रश्न विचारते. उत्तर टाळलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारते. आपण कोण, काय शिकलो, कुठे नोकरी केली, हे सांगत नाही. ते सांगून काम लवकर होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यानं पलीकडच्या खाटेवरच्या ताईंचं काही भलं होत नाही. आणि आत्याबरोबर असताना डॉक्टर माझ्याकडे बघून बोलू लागले तर मी उत्तर देत नाही, आत्याकडे बघते. डॉक्टरांची नजर मग आपोआप तिच्याकडे वळते.

आत्याचं मत माझ्याहून मवाळ आहे. तिच्या मते त्या पोराचा दोष कमी आणि शिकवणाऱ्यांचा जास्त. मी तिला सांगितलं की २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं, कसं वागावं, याचा भागही घातला आहे. तिनं लगेच विचारलं, “तो शिकवतं कोण? पुन्हा डॉक्टरच ना?” आणि मग वॉर्डाच्या ड्युट्या लावायची तशी यादीच सांगितली: पहिल्या वर्षाच्या पोरांना एकेका जुन्या पेशंटजवळ बसवायचं, पांढरा कोट न घालता. इन्सुलिन घेणाऱ्या बाईकडून इन्सुलिन घ्यायला शिकायचं, दम्याच्या माणसाकडून पंप ओढायला, डायलिसिसवाल्याकडून दिवसभरात पाणी किती आणि कसं प्यायचं ते. परीक्षा त्या पेशंटनंच घ्यायची. “आणि त्या माठवाल्या बाईकडे,” ती म्हणाली, “दोन पोरं पाठव. वाळू भिजवायला एकाला जमणार नाही.”