हनुवटीचा कल

आमच्या ९ वर्षांच्या नातवाची हनुवटी डावीकडे झुकू लागल्याचे सूनबाईंनी दाखविले, तेव्हा 'वाढत्या वयात असे चालावयाचेच' म्हणून आम्ही त्यांची समजूत घातली होती. दंतवैद्यांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "हा कधी हनुवटीवर आपटला होता काय?" चार वर्षांपूर्वी आमच्याच देखत तो ओट्यावरून पडला होता, हळद लावून ती गोष्ट आम्ही हसण्यावारी नेली व घरी कोणास सांगितली नाही. आता सूनबाईंसमक्ष सांगावी लागली.

क्ष-किरणचित्रात कानापुढील डाव्या सांध्याशी जबड्याचे टोक आखूड दिसले. तेथे जुना अस्थिभंग असावा व म्हणून त्या बाजूची वाढ मागे पडली असावी, असे त्यांचे निदान. "मग तारेने दात आताच सरळ करावे," आम्ही सुचविले. (मास्तरकीची खोड!) "दात ओळीत येतील, पण हाड वाकडेच वाढेल. आधी वाढीस वळण लावू," ते म्हणाले. हनुवटी मध्यावर आणून त्यांनी मेणावर चावा घेतला व त्याबरहुकूम काढता-घालता येणारी प्लेट करविली. दर सहा महिन्यांनी छायाचित्रे व मापे घ्यावयाची. एवढ्याने न साधल्यास शस्त्रक्रिया, पण तीही १७-१८ व्या वर्षानंतर, वाढ थांबल्याची खात्री झाल्यावरच.

वाटेत सूनबाई काही बोलल्या नाहीत. रात्री प्लेट बसविण्याचे काम मात्र त्यांनी आमच्याकडे दिले आहे.