उणे पट्टी



काल पुतणी सातवीचं पुस्तक घेऊन ओट्यावर आली. "आप्पा, उणे गुणिले उणे अधिक कसं होतं? बाईंनी पाठ करा म्हणून सांगितलंय." आम्हीपण पाठच केलं होतं. दहावी झालो, पण 'कसं' ते कोणी सांगितलं नाही. मला ते कांद्यानं शिकवलं.

मागं भाव पडले तेव्हाची गोष्ट. पिकअपमधून 20 गोण्या, 1000 किलो कांदा पाठवला. भाव निघाला किलोला सव्वा रुपया. म्हणजे 1250 रुपये. गाडीभाडं 1300, हमाली-तोलाई-वाराई 200. पट्टीवर खाली आकडा आला उणे 250. माल देऊन वर खिशातले अडीचशे भरून आलो.

वावरात अजून 4 खेपांचा माल पडलेला. सगळा पाठवला असता तर 4 गुणिले उणे 250, म्हणजे उणे 1000. चारही खेपा रद्द केल्या, म्हणजे उणे 4 खेपा. उणे 4 गुणिले उणे 250, अधिक 1000. खिशात हजार आले नाहीत, पण जाणारे हजार वाचले. तोटा काढून टाकला की तेवढा फायदाच धरायचा.

मंडळी म्हणाली, "पोरासारखा वाढवलेला माल टाकून द्यायचा?" उत्तर नव्हतं माझ्याकडं. रोप, लागवड, खताचे पैसे तर दोन्हीकडून गेलेलेच होते. शेवटी मेंढरं घातली. त्या दिवशी वावराकडं फिरकलो नाही.

पुतणीला अजून एक सांगितलं. 50 हजार कर्जवाल्यापेक्षा 20 हजार कर्जवाला बरा, म्हणून उणे 20 हे उणे 50 पेक्षा मोठं. आणि शून्य म्हणजे काहीच नाही असं नाही. सातबारा कोरा झाला की माणसाला शांत झोप लागते, ते शून्य.

पुस्तकात धन संख्या, ऋण संख्या म्हणतात. हे शब्द आपल्याच हिशोबातले. ब्रह्मगुप्तानं इ.स. 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त धन आणि ऋण याच नावांनी नियम मांडले. ऋणाला ऋणानं गुणलं की धन, हेही त्यात आहे.

तेव्हापासून गाडी भरायच्या आधी भाव फोनवर विचारतो आणि वहीत पट्टी मांडतो. खाली उणे आलं की गाडी सांगत नाही.

तुम्हाला कधी उणे पट्टी आली का? मग काय केलं? खाली लिहा.