कमरेचा ताळेबंद

आमच्या सौ.चा बांधा भरलेला. त्यात खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंतर विधात्यानं हात आखडून दिलेलं. अमरावतीत हौसेनं घेतलेली रुंद काठाची साडी, त्यावर उठून दिसणाऱ्या रंगाचं पोलकं! लग्नाला निघताना आरशासमोर तिचे डोळे भरून यायचे. अकोल्याच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "अंगाले काहून दोष देता बाई? कापडाले द्या ना!" मग पोलकं साडीच्याच रंगाचं, काठ बारीक, निऱ्या दोन बोटं खाली, पदर लांब सोडलेला. नजर कुठं न अडता सरळ खाली उतरते. साडी साडेपाच मीटरचीच; आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, रक्कम तीच, फक्त खातेवाटणी बदलली. आता लग्नपत्रिका आली की ती हसते. डोळे माझे भरून येतात. आहेराचं पाकीट मला भरायचं असतं ना!