पोरांना पुळणीवर चालवा, गाडी रस्त्यावरच राहू द्या

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "पोरांना घेऊन येतोय, दापोलीकडे बघण्यासारखं काय आहे?" पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. डॉल्फिन किती वाजता दिसतात, मासळीचं जेवण कुठे चांगलं मिळतं, मुलांसाठी वॉटर स्पोर्ट्स आहेत का. चालायला कुठे जाऊ, असं विचारणारा वर्षातून एखादाच भेटतो.

त्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे ट्रेक म्हटलं की किल्ला, घाट, सह्याद्री. सात वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आजी दोघींना एकत्र घेऊन जाता येईल अशी वाट आपण कधी मोजतच नाही. आणि आमच्या किनाऱ्यावर तर ती वाट फुकट पडून आहे. दोन-तीन किलोमीटर, चढ जवळजवळ नाही, तिकीट नाही, गाईडही लागत नाही. फक्त भरती-ओहोटी कळायला हवी.

आमच्या बाजूला नदी समुद्राला मिळते तिथली रचना बहुतेक सारखीच असते. समुद्राकडून निघालात तर आधी ओली, घट्ट पुळण. मग कोरडी, पाय रुतणारी वाळू. मग वाळूचा उंचवटा, त्यावर वेली, केवडा, उंडी, सुरू. त्याच्या मागे खाडीचा शांत हात, खाजण आणि कांदळवन. अर्ध्या तासात तुम्ही तीन वेगवेगळ्या मुलखांतून जाता. पोरांना हे बदल मोठ्यांच्या आधी कळतात, कारण त्यांचे पाय अनवाणी असतात.

बहिणीची मुलगी मागच्या हिवाळ्यात आली होती. तिला समुद्रापेक्षा खाजण आवडलं. आम्ही खारबंदिस्तीच्या बांधावरून चालत होतो, ती चिखलाकडे बघत थांबली. "मामा, मासा चालतोय." निवटी होती. पाण्याबाहेर, परांवर टेकून, खुशाल सरकत होती. मग तिला एक चिंबोरी दिसली जिचा एकच आंगडा शरीराएवढा मोठा होता आणि ती तो सारखा हलवत होती. नर आहे, मादीला बोलावतोय, असं सांगितल्यावर ती इतकी हसली की आई मागे बांधावर बसून राहिली तरी हिचं बघून होईना. तिवराचं पान तिला चाटायला दिलं. खारट. झाड मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं, हे पुस्तकातून शिकवायला एक तास लागला असता. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबत राहतं, हे तिने स्वतःच शोधलं. पांढरी चिप्पी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे, हे मात्र मी तिला सांगितलं, आणि शाळेत कुणालाच माहीत नव्हतं म्हणून ती खूश.

आता भरतीचं गणित. जुन्या लोकांना तोंडपाठ आहे, नव्यांनी लिहून घ्या. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुकती. वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर होतो. म्हणून संध्याकाळचं चालणं त्रयोदशी ते पौर्णिमा-अमावास्या, सकाळचं चालणं तृतीया ते पंचमी, असं धरून चाला. निघायचं ते ओहोटी लागलेली असताना, आणि पाणी फिरायच्या आत परत. उधाणाच्या दिवसांत पाणी फार लांब जातं आणि तितक्याच जोरात येतं. खाडीच्या तोंडाशी ते समोरून येत नाही, मागून चराने भरतं आणि तुम्ही वाळूच्या पट्ट्यावर अडकता. मुलं बरोबर असताना हा एक नियम मोडायचा नाही.

बाकी सामान साधंच. जुने कॅनव्हासचे बूट, कारण कालवांच्या कडा आणि तिवराची वर आलेली मुळं पाय कापतात. टोपी, पाणी, कोरडा खाऊ. चिखलात उतरायचं नाही, बांधावरूनच बघायचं. आणि ओहोटीला मुळे, तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बायका दिसतील. ती त्यांची कामाची वेळ आहे. फोटो काढायच्या आधी विचारावं, एवढं तरी.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते सांगतो.

आमच्या तालुक्याच्या उत्तर टोकाला केळशी आहे. भारजा नदी तिथे समुद्राला मिळते आणि तोंडाशी वाळूची टेकडी आहे, माडाच्या उंचीची. तिच्या कापलेल्या कडेला थर दिसतात. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला. वाळूत जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या, खापऱ्या मिळाल्या, हाडं मिळाली. पुढे भूशास्त्रज्ञांनी तिचा संबंध १५२४ च्या त्सुनामीशी जोडून पाहिला. त्या वर्षी सप्टेंबरात वास्को द गामाचं आरमार आपल्या दाभोळजवळ असताना वारा पडलेला आणि समुद्र मात्र अचानक उसळलेला, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवली आहे. म्हणजे वाळूचा हा ढीग पाचशे वर्षांपूर्वीच्या समुद्राची आठवण पोटात धरून उभा आहे. मुलांना इतिहास शिकवायला यापेक्षा चांगली भिंत कुठे मिळणार?

पण वाळूची टेकडी फक्त इतिहास नाही. ती कशी होते ते बघा. लाट वाळू आणते, ऊन ती सुकवतं, वारा ती उडवतो. समोर मर्यादवेल किंवा रावणाच्या मिशा असतील तर वाळू तिथे अडकते. वेल वर येते, आणखी वाळू अडकते. वर्षानुवर्षं हे चालतं. पावसाळ्यात समुद्र यातली काही वाळू ओढून नेतो आणि हिवाळ्यात परत आणून टाकतो. ही त्याची देवघेव आहे, आणि त्या देवघेवीत गाव मागे सुरक्षित राहतं. जांभ्याची किंवा काँक्रीटची भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळूही घेऊन जाते. मग पुळण अरुंद होत जाते.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही. माड, पोफळी, सुपाऱ्या, कौलं, काय काय गेलं ते ज्याचं त्याला माहीत. त्या दिवशी समुद्र आणि घर यांच्यामध्ये काय उभं होतं, हे प्रत्येक किनाऱ्यावरच्या माणसाने एकदा आठवून बघावं.

आणि आता गेल्या ग्रामसभेत आमच्याकडे सुशोभीकरणाचा आराखडा वाचून दाखवला गेला. उंचवटा सपाट करून वाहनतळ. पुढे पेव्हर ब्लॉक, बसायला कट्टा, रात्री मोठे दिवे, आणि इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव, समोर उभं राहून फोटो काढायला. मी विचारलं, वेली काढणार का? उत्तर आलं, "ते रान साफ करूनच घ्यावं लागेल ना." कुणाचा वाईट हेतू नाही. पर्यटक यावेत, चार घरांत पैसे यावेत, हेच सगळ्यांना हवंय. मलाही हवंय. माझ्या चुलत्यांच्या दोन खोल्या पर्यटकांवरच चालतात.

पण दोन गोष्टी सभेत बोललो त्या इथेही लिहितो.

पहिली, कायदा. वाळूचे उंचवटे, कांदळवन, खाजण, कासवांची विणीची जागा हे सगळं सीआरझेडच्या सर्वांत कडक वर्गात, म्हणजे १ अ मध्ये येतं. २०११ च्या अधिसूचनेतही आणि २०१९ च्या अधिसूचनेतही. कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. उद्या कुणी तक्रार केली तर काम अडेल आणि पैसे वाळूत जातील. निसर्गवाट, कांदळवनातली लाकडी वाट यांना मात्र रीतसर परवानगी घेऊन वाव आहे.

दुसरी, धंदा. वेळास आणि आंजर्ल्याला लोक कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पहाटे उठून येतात. घरांत राहतात, घरचं जेवतात. तिथे काय विकलं जातं? काळोख, शांतता आणि न तुडवलेली वाळू. पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं, म्हणून किनाऱ्यावर मोठा दिवा लावला की ते उलटं गावाकडे फिरतं. गाडीच्या चाकाची चाकोरी आपल्याला काहीच वाटत नाही, पण तळहाताहून लहान पिल्लाला ती दरी आहे. दर मोसमात लाटेत रुतलेल्या गाड्यांचे फोटो आपण हसून फॉरवर्ड करतो. त्या गाडीखाली काय होतं, ते फोटोत येत नाही.

मग मागायचं काय? थोडंच. गाड्या रस्त्याच्या बाजूला, गावातल्याच जागेत. तिथून उंचवट्यावरून जाणारी एकच पायवाट, दोन्ही बाजूंना दोरी, म्हणजे पोरं चारही बाजूंनी घसरत वेली उपटणार नाहीत. खारबंदिस्तीचा बांध नीट दुरुस्त, म्हातारी माणसं चालू शकतील असा. बायकांना वापरता येईल असं एक स्वच्छतागृह, वस्तीजवळ. एक फळा, ज्यावर रोजची भरती-ओहोटी खडूने लिहिली जाईल. आणि गावातली चार-पाच पोरं, ज्यांना निवटी, कांदळ, काकण पक्षी दाखवता येतो, त्यांना माणशी ठरलेली बिदागी. वाहनतळाच्या खर्चात हे सगळं बसून उरेल.

पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला. मुंबई-पुण्याला असाल आणि नाव इथल्या मतदारयादीत असेल तर त्या दिवशी या. सुट्टीच आहे. आराखड्याची प्रत आधी मागून घ्या, वाचून या, आणि उंचवट्याचं काय होणार हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

येताना मुलांनाही आणा. सभेच्या आधी सकाळी पुळणीवर एक फेरी मारू. तिथी बघून वेळ आदल्या दिवशी इथेच टाकतो.